विंगरला उजव्या बचावात उतरवावं का? जागा बदलून खेळवण्याबद्दल

मधलीफळी

फुटबॉल मॅनेजर २०२४ हा कॉम्प्युटर गेम, चौथा हंगाम. दुसऱ्या श्रेणीतला छोटा क्लब, वरच्या श्रेणीत जायचं स्वप्न आणि तिजोरीत खडखडाट. ट्रान्सफर विंडो बंद होऊन आठवडा होतो न होतो तोच उजव्या फुलबॅकचा (बचावाच्या उजव्या टोकाच्या खेळाडूचा) गुडघा गेला. सहा-सात महिने बाहेर. त्याच्या पाठीमागचा पोरगा मी हंगामभरासाठी लोनवर दिलाय आणि मधेच परत बोलावण्याची अट करारात घालायची राहून गेली. म्हणजे जानेवारीपर्यंत आहे त्या माणसांत भागवायचं आहे.

दोन जण डोळ्यासमोर आहेत. पहिला म्हणजे आमचा सात नंबर, उजवा विंगर (बाजूने हल्ला चढवणारा), वय ३१. पेस, म्हणजे वेग, एकेकाळी २० पैकी १६ होता, आता १४. स्टॅमिना १६, वर्क रेट १७, टीमवर्क १६. पण टॅकलिंग १०, मार्किंग ८, पोझिशनिंग ९, जम्पिंग रीच फक्त ७. उजव्या बचावात त्याच्यापुढे 'ऑकवर्ड' लिहून येतं, जागेची सवय दाखवणारं वर्तुळ नारिंगी. दुसरा एकोणीस वर्षांचा सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू. टॅकलिंग १३, मार्किंग १३, पण पेस १० आणि क्रॉसिंग (बाजूने बॉक्समध्ये चेंडू देणं) ५. त्याचं वर्तुळ सात नंबरपेक्षा एक पायरी बरं, 'अनकन्व्हिन्सिंग'.

असिस्टंट म्हणतो सेंटर बॅकला खेळवा. माझा कल सात नंबरकडे आहे. त्या रंगाला किती घाबरायचं, हे मला नीट कळून घ्यायचं आहे. ज्यांनी असे प्रयोग पूर्ण हंगामभर केलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शेवटचाबचाव

आधी एक गुंता सोडवू. स्क्रीनवर तीन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि आपण त्यांची खिचडी करतो. एक, त्या जागेची सवय, म्हणजे ते हिरवं-पिवळं-नारिंगी वर्तुळ. दोन, त्या रोलसाठी तो किती लायक आहे, हे अट्रिब्यूट्सवरून, म्हणजे पेस-टॅकलिंगसारख्या आकड्यांवरून ठरतं. आणि तीन, तारे. तारे तर नुसतं तुमच्या असिस्टंटचं मत. त्याची माणसं जोखायची क्षमता ९ असेल तर त्या ताऱ्यांचं वजनही तेवढंच.

नारिंगी वर्तुळामुळे सात नंबरचे पाय जड होत नाहीत. पेस १४ तो १४ च राहतो, स्टॅमिना तसाच राहतो. फटका बसतो तो निर्णयाला. कुठे उभं राहायचं, पुढे कधी सरकायचं, अंगावर कधी जायचं आणि कधी नुसतं रोखून धरायचं. मी असे सामने हायलाइट्सऐवजी पूर्ण लावून बघितलेत. चेंडू पायात असताना तो तुमचा नेहमीचाच खेळाडू वाटतो. चेंडू समोरच्याकडे गेला की अर्धा क्षण उशिरा हलतो. त्या अर्ध्या क्षणाची किंमत मैदानात सगळीकडे सारखी नसते. समोरच्या बॉक्सजवळ उशीर झाला तर एक पास हुकतो. आपल्या बॉक्सजवळ झाला तर गोल खातो.

तेव्हा विचारायचं ते हे, की तुमच्या डावपेचात उजवा फुलबॅक ९० मिनिटं नेमकं काय करतो? तो अर्धा वेळ समोरच्या हाफमध्ये असेल तर सात नंबर. बहुतेक वेळ मागेच राहत असेल तर सेंटर बॅक.

डावापाय

माझं मत थोडं वेगळं आहे. फुलबॅक पुढे काय करतो यापेक्षा चौघांची रांग एकत्र सरकते की नाही हे मोठं. रांग वर जाताना एकटा मागे रेंगाळला की समोरचा स्ट्रायकर ऑनसाइड, आणि उरलेल्या तिघांनी बरोबर खेळूनही उपयोग शून्य. विंगरला ही रांगेची सवय आयुष्यात लागलेली नसते. सेंटर बॅक तर रांगेतच वाढलाय, त्याला फक्त टोकाला नेताय.

मी एका हंगामात सेंटर बॅकला डाव्या टोकाला 'फुलबॅक, डिफेन्ड' (मागेच राहायची सूचना) देऊन उतरवलं. पुढे काहीच दिलं नाही त्याने, क्रॉस असे मारायचा की चेंडू थेट प्रेक्षकांत. पण त्या बाजूने गोल खाणं थांबलं. डिफेन्सिव्ह लाइन उंच ठेवत असाल तर असिस्टंटचं ऐका.

जुनासेव्ह

दोघांचंही पटतं, तरी मला वाटतं रंगापेक्षा अंतर मोजावं. अंतर म्हणजे फळ्यावरचं नाही, सवयींचं. जुन्या जागेवरच्या किती सवयी नव्या जागेवर कामी येतात?

खऱ्या मैदानावरची उदाहरणं पाहा. अँतोनियो व्हॅलेन्सिया विंगर होता, मँचेस्टर युनायटेडमध्ये उजवा फुलबॅक झाला. ॲशली यंगही तसाच मागे सरकला. व्हिक्टर मोझेस २०१६-१७ मध्ये आंतोनियो काँटेच्या चेल्सीत विंगबॅक (बचाव आणि विंग दोन्ही सांभाळणारा) म्हणून खेळला आणि संघ लीग जिंकला. या तिघांतही बाजूची रेघ बदलली नाही. विंगरच्या एका अंगाला कायम रेघ असते. तिकडून कोणी येणार नाही हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. फुलबॅकलाही तीच रेघ. शिवाय खेळ मागून अंगावर येण्याऐवजी समोर उलगडतो, उलट सोपं जातं.

आता इटलीचा पिर्लो बघा. इंटरने २००१ मध्ये त्याला ब्रेश्याला लोनवर दिलं. तिथे दहा नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या मागून खेळ रचणाऱ्याच्या जागेवर साक्षात बाज्जिओ. प्रशिक्षक मात्सोने यांनी पिर्लोला मागे, बचावाच्या पुढ्यात आणून उभं केलं. वर्तुळाच्या भाषेत ही लांबची उडी वाटेल, पण सवयीच्या भाषेत नाही. दहा नंबर पाठीवर माणूस घेऊन खेळतो. तीच नजर आणि तेच पास खाली आणले की समोर सगळं मैदान उघडं आणि पाठीवर कोणी नाही. श्वाइनश्टायगरला बायर्न म्युनिकमध्ये फान खालने २००९-१० च्या हंगामात बाजूवरून मध्ये आणलं, ते मात्र मला खरंच अवघड वाटतं. रेघ सुटली, चारही बाजूंनी माणसं आली. तो ते पेलू शकला कारण डोकं तल्लख होतं. गेममध्ये असा बदल करताना मी आधी ॲण्टिसिपेशन, डिसिजन्स आणि कम्पोजर बघतो, मग बाकीचं.

तुमच्या सात नंबरची रेघ तीच राहतेय. म्हणून माझं मत त्यालाच. फक्त एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. चेंडू आपल्या डाव्या बाजूला असताना त्याच्या पाठीमागे काय चाललंय हे त्याला कळणार नाही. विंगरला पाठीमागे बघायची वेळ येत नाही. दूरच्या खांबावर लक्ष ठेवा.

पहाटेचासामना

मिल्नरला का विसरलात? २०१६-१७ मध्ये क्लॉपच्या लिव्हरपूलमध्ये उजव्या पायाचा हा माणूस जवळजवळ अख्खा हंगाम डावा फुलबॅक होता. बाजू बदलली, पायही उलटा. तरी निभावलं.

शेवटचाबचाव

मिल्नरचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यात आणखी एक गोष्ट मिसळली आहे. जागेची सवय आणि पाय हे गेममध्येही दोन वेगळे हिशेब आहेत. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या बचावात 'नॅचरल' असू शकतो आणि तरी दडपणाखाली चेंडू आत वळवायला जाऊन हरवू शकतो. हिरवं वर्तुळ दिसलं की आपण पायाची ओळ वाचतच नाही.

मधलीफळी

सर्वांचे आभार. रेघेचा मुद्दा मनात बसला. सात नंबरला उतरवतोय, 'फुलबॅक, सपोर्ट'. सोबत वैयक्तिक ट्रेनिंगमध्ये तीच जागा लावली आहे. त्याच्याशी बोललो, संघासाठी तयार आहे म्हणाला. चार-सहा सामन्यांनी कळवतो.

नवाडाव

मध्येच विचारतो, राग मानू नका. माझ्याकडे ६ फूट ४ इंचांचा स्ट्रायकर आहे, हेडिंग १६, जम्पिंग रीच १७, स्ट्रेंग्थ १६. गोल करत नाही. त्याला सेंटर बॅक करता येईल का? वय २०.

जुनासेव्ह

करता येईल, पण त्याच्या एकूण क्षमतेचा हिशेब समजून घ्या. प्रत्येक खेळाडूला करंट ॲबिलिटीचा एक आकडा असतो आणि ती क्षमता अट्रिब्यूट्समध्ये वाटलेली असते. कुठल्या अट्रिब्यूटला किती वजन, हे जागेवर ठरतं. स्ट्रायकरच्या हिशेबात फिनिशिंगला भरपूर वजन, सेंटर बॅकच्या हिशेबात नगण्य. म्हणजे तुमच्या पोराची बरीचशी क्षमता अशा ठिकाणी अडकली आहे जिथे बचावात तिचा उपयोग नाही. उंची आणि ताकद सोबत येईल. मार्किंग, टॅकलिंग, पोझिशनिंग सात-आठवर असेल तर 'नॅचरल' झाला तरी तो सेंटर बॅकच्या जागेवर उभा असलेला स्ट्रायकरच राहील.

वय २० आहे ही जमेची बाजू. आत्तापासून त्याच रोलवर ट्रेनिंग लावलंत तर पुढची वाढ तरी योग्य जागी जाईल. शिवाय वर्सटिलिटी नावाचं एक लपलेलं अट्रिब्यूट आहे. ज्याचं ते जास्त, तो नवी जागा लवकर उचलतो. गेममध्ये ते दिसत नाही, पण दोन-तीन महिन्यांत वर्तुळाचा रंग सरकतो की नाही यावरून अंदाज येतो. नाहीच सरकला तर हट्ट सोडा.

डावापाय

@नवाडाव, आधी कॉन्सन्ट्रेशन बघा. स्ट्रायकर ऐंशी मिनिटं झोपला आणि एकदा जागा झाला तरी नायक ठरतो. सेंटर बॅकचं उलटं.

आणि बचावातच न्यायला हवं असं नाही. जोएलिंटन न्यूकॅसलला २०१९ मध्ये स्ट्रायकर म्हणून आला, गोल होईनात. नोव्हेंबर २०२१ मध्ये नॉर्विचविरुद्ध ९व्या मिनिटाला न्यूकॅसलच्याच सेंटर बॅकला लाल कार्ड मिळालं आणि एडी हाऊने त्याला मधल्या फळीत खाली ओढला. तिथून त्याची कारकीर्दच पालटली. अंगावर जाणं, चेंडू हिसकावणं, दमदारपणे धावत राहणं हे सगळं त्याच्यात होतंच. तुमच्या पोराचा वर्क रेट आणि ॲग्रेशन किती?

नवाडाव

वर्क रेट ९. मग तो मार्ग बंद. सेंटर बॅकचं ट्रेनिंग लावून बघतो.

गोलपोस्ट

या विषयावर माझा एक दुखरा अनुभव आहे, तो सांगतो कारण आकड्यांच्या नादात हे राहून जातं. माझ्या संघातला सर्वांत लाडका प्लेमेकर होता, मधल्या फळीत 'नॅचरल', डाव्या विंगवर 'अकम्प्लिश्ड'. मला मध्ये दुसरा चांगला मिळाला, म्हणून याला डावीकडे सरकवला. रंग जवळजवळ हिरवाच होता, रेटिंगही बरं येत होतं. सहा-सात आठवड्यांनी तो दारात उभा. मला माझ्या जागेवर खेळवत नाही ही तक्रार. मी लवकरच मध्ये खेळवतो असं वचन दिलं आणि पाळलं नाही, कारण संघ जिंकत होता. मग तो बिघडला, कॅप्टन त्याच्या बाजूने, पाठोपाठ आणखी चौघं. ड्रेसिंग रूम सावरायला तो अख्खा हंगाम गेला आणि शेवटी त्याला विकावं लागलं. चार हंगाम माझ्यासोबत होता. आजही तो सेव्ह उघडला की वाईट वाटतं.

वर्तुळ हिरवं असलं तरी खेळाडू स्वतःला कुठला समजतो हे महत्त्वाचं. मोठ्या नावाच्या खेळाडूला सरकवण्याआधी दहा वेळा विचार करा. आणि वचन दिलं तर पाळा.

शेवटचाबचाव

हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. यातूनच मी एक सवय लावून घेतली. जागा बदलायची तर ती संघात ज्याचं स्थान डळमळीत आहे त्याची. त्याला नव्या जागेमुळे सामने मिळतात, म्हणून तो मन लावून शिकतो. ज्याचं स्थान पक्कं आहे त्याच्याकडून तुम्ही काहीतरी काढून घेत असता.

मधलीफळी

सहा सामने झाले. तीन जिंकले, एक बरोबरी, दोन हरलो.

चांगलं आधी. पुढे जाताना सात नंबर कमाल खेळतोय. मी त्याच्या पुढे आत वळणारा डावखुरा विंगर लावला, त्यामुळे बाहेरची पट्टी त्याला मोकळी मिळते आणि क्रॉस थेट त्याच्या जुन्या हातखंड्यातून येतात. समोरासमोरच्या लढतीतही वाटलं तेवढा हरत नाही.

पण जुनासेव्ह यांनी जे सांगितलं होतं ते अगदी तसंच झालं. खाल्लेल्या गोलांपैकी तीन एकाच साच्यातले आहेत. चेंडू आमच्या डाव्या बाजूला, तिथून उंच क्रॉस, दूरच्या खांबावर त्यांचा विंगर मोकळा, आणि सात नंबर चेंडूकडे बघत चार पावलं आत. तिसरा गोल मी पुन्हा पुन्हा पाहिला. क्रॉस निघण्याआधी त्याने एकदाही मान वळवली नाही. काय करू? सेंटर बॅककडे वळू का?

जुनासेव्ह

लगेच बदलू नका. दूरच्या खांबाचा गोल तिथे सुरू होत नाही, क्रॉस जिथून निघतो तिथे सुरू होतो. तुमचा डावा फुलबॅक कुठे होता त्या तिन्ही वेळी?

मधलीफळी

आत्ता जाऊन पाहिलं. तिन्ही वेळी वर. त्याला 'विंगबॅक, अटॅक' दिलंय.

जुनासेव्ह

तिथेच गाठ आहे. सवय नसलेला माणूस एका बाजूला असेल तर दुसरी बाजू शांत ठेवावी लागते. डाव्याला सपोर्टवर आणा. संघाच्या सूचनांमध्ये क्रॉस अडवायला सांगा. दोन सेंटर बॅकपैकी जो हवेत चांगला आहे तो उजवीकडे घ्या, म्हणजे सात नंबरच्या आतल्या बाजूचा चेंडू तो खाईल. गोलकीपरचा कमांड ऑफ एरिया (बॉक्सवरचा ताबा) किती?

मधलीफळी

१२. उजवीकडचा सेंटर बॅक आत्ता जम्पिंग रीच १२ वाला आहे, डावीकडे १६ वाला. त्याला डावा पाय चालतो म्हणून तिकडे ठेवला होता.

डावापाय

अदलाबदल करा. मागून पास थोडे बिघडतील, पण खांबावर डोकं मिळेल. आणि आघाडीवर असाल तेव्हा शेवटच्या वीस मिनिटांत त्या एकोणीस वर्षांच्या पोराला उजव्या बचावात आणा, सात नंबरला एक घर पुढे सरकवा. दोघंही वापरले जातील. माझं मूळ मत मी मागे घेत नाही, पण तुमच्याकडे दोघं आहेत तर एकच का निवडायचा?

पहाटेचासामना

फुटबॉल मॅनेजर २६ खेळणाऱ्यांसाठी एक भर घालतो. त्यात चेंडू आपल्याकडे असतानाची रचना आणि नसतानाची रचना वेगळी लावता येते. त्यामुळे 'याची जागा कुठली' या प्रश्नाचीच दोन उत्तरं होतात. जॉन स्टोन्स २०२२-२३ मध्ये गार्डिओलाकडे हेच करत होता. चेंडू नसताना बचावात, असताना मधल्या फळीत. १० जून २०२३ च्या इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यातही त्याला मधल्या फळीत खेळताना पाहिलं. सात नंबरसारख्याला चेंडू असताना विंगवरच ठेवायचं आणि नसताना पाचांच्या रांगेत टोकाला खेचायचं, म्हणजे आतल्या बाजूला नेहमी एक सेंटर बॅक जवळ असतो. २४ मध्ये हे रोल निवडूनच साधावं लागतं.

गोलपोस्ट

थोडं विषयांतर, पण नावाला जागून लिहितोच. सगळे बदल झाले आणि गोलकीपर बाहेर गेला तर कोणाला उभं करता? मी नेहमी सर्वांत उंच सेंटर बॅक घेतो. २७ ऑगस्ट २०१४ ला लुडोगोरेत्सचा गोलकीपर एक्स्ट्रा टाइमच्या शेवटी लाल कार्ड घेऊन गेला, बदल संपलेले, आणि स्टेआउआविरुद्धच्या शूटआउटला कोस्मिन मोत्सी हा बचावपटू गोलात उभा राहिला. स्वतः पेनल्टी मारली, दोन अडवल्या, संघ चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत गेला. मला फुटबॉलमधली याहून सुंदर रात्र फार कमी आठवते.

मधलीफळी

हंगाम संपला. धागा काढला तेव्हा शेवट लिहायचं मनात धरलं होतं, म्हणून लिहितो.

डावा फुलबॅक सपोर्टवर आणला, सेंटर बॅकची अदलाबदल केली. तो साचा जवळजवळ बंद झाला. पुढे त्या पद्धतीचा एकच गोल खाल्ला, तोही कॉर्नर परत आत आला त्यावर. पासिंग मात्र खरंच बिघडलं, डावापाय यांनी सांगितलं होतं तसं. दोन सामन्यांत मागूनच चेंडू देऊन बसलो.

सात नंबरचं वर्तुळ नारिंगीवरून पिवळं व्हायला ख्रिसमस उजाडला, आणि मार्चमध्ये 'कॉम्पिटंट' लिहून आलं. पोझिशनिंग ९ चं १०, मार्किंग ८ चं ९. पेस १३ वर आला, त्याला इलाज नाही. जानेवारीत मी खरेदी केली नाही. थोडे पैसे मिळाले होते, ते मधल्या फळीत घातले.

एप्रिलमध्ये मूळचा फुलबॅक परतला आणि सात नंबर पुन्हा विंगवर गेला. इथे एक गोष्ट बघितली. पहिल्याच सामन्यात त्यांचा डावा फुलबॅक वर आला आणि सात नंबर त्याच्यामागे थेट आमच्या बॉक्सपर्यंत धावला. आधीही वर्क रेट १७ होताच, त्यामुळे हे नवीन की मीच आता नीट बघायला लागलोय, सांगता येणार नाही. पण मी तो प्रसंग सेव्ह करून ठेवला आहे.

प्ले-ऑफमध्ये उपांत्य फेरीत हरलो. आता सात नंबरचा करार संपतोय. नव्या हंगामात तो ३२ चा होईल, विंगर म्हणून पहिल्या अकरात बसणार नाही. लोनवरचा पोरगा परत येतोय, म्हणजे उजव्या बचावात सात नंबर तिसरा. मागतोय दोन वर्षांचा करार.

शेवटचाबचाव

एक वर्ष द्या, आणि सामन्यांच्या संख्येवर दुसरं वर्ष आपोआप वाढेल असं कलम घाला. दोन जागांवर राखीव म्हणून तो एका पगारात दोन माणसांचं काम करतो. एकोणीस वर्षांच्या पोराचं काय झालं?

मधलीफळी

चौदा सामन्यांत बदली म्हणून उजव्या बचावात आला. वर्तुळ हिरवटाकडे झुकलंय. आता त्याचा एजंट म्हणतो, त्याला सेंटर बॅक म्हणूनच खेळायचं आहे.

गोलपोस्ट

मग त्याला काय वचन देताय, ते आधी ठरवा.

मधलीफळी

दिलं. पहिल्या दहा सामन्यांत किमान पाच, सेंटर बॅक म्हणून. सात नंबरला एक वर्षाचा करार दिला, कलमासकट. त्याने सही केली.